आवाजाचे अक्षर होताना : नभोवाणीच्या एका स्थित्यंतराविषयी

११ जानेवारी २०१७ रोजी सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटे आणि अकरा सेकंदांनी नॉर्वेच्या उत्तरेकडील नूर्लान् प्रांतात, बोडो या गावी, राष्ट्रीय नभोवाणीचे एफ. एम. प्रक्षेपण थांबविण्यात आले. वेळ मुद्दाम निवडलेली होती. सोहळ्याला साजेल अशी. त्यानंतर एकेक प्रांत करीत १३ डिसेंबर २०१७ रोजी फिनमार्क या अतिउत्तरेच्या टोकाला हे काम संपले आणि राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ. एम. प्रसारण संपूर्णपणे बंद करून केवळ डिजिटल प्रक्षेपणावर जाणारा नॉर्वे हा जगातील पहिला देश ठरला. आपल्याकडील वर्तमानपत्रांतून ही बातमी चार ओळींत आली आणि विसरली गेली. तंत्रज्ञानाच्या सदरात पडलेल्या बातमीकडे साहित्याच्या अभ्यासकाने का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्या माध्यमासाठी मर्ढेकरांनी संगीतिका लिहिल्या आणि ज्या माध्यमामुळे गीतरामायण जन्माला आले, त्या माध्यमाचा देहच बदलत असेल तर ती घटना वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेरची मानता येणार नाही, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अ‍ॅनालॉग’ या शब्दाच्या मुळाशी सादृश्याची कल्पना आहे. बोलणाऱ्याच्या मुखातून निघालेली हवेची थरथर मायक्रोफोनमध्ये विजेची थरथर होते. ती विद्युतलहर प्रक्षेपकावरून निघणाऱ्या वाहक लहरीवर आरूढ होते. आणि श्रोत्याच्या घरी पुन्हा कर्ण्याच्या पडद्याची थरथर होऊन बाहेर पडते. या संपूर्ण प्रवासात आवाजाच्या चढउताराचे कोणत्या ना कोणत्या द्रव्यात उमटलेले प्रतिरूपच पुढे सरकत असते. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा सगळा उपमेचा व्यवहार आहे. मध्यम लहरींवर (रोजच्या बोलण्यातला मिडियम वेव्ह) वाहक लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होते, तर एफ. एम.मध्ये तिची वारंवारिता बदलते. पण सादृश्य दोहोंतही अबाधित राहते.

डिजिटल प्रक्षेपणात हे सादृश्य तुटते. आवाजाची मोजणी होते. युरोपात रूढ झालेल्या ‘डॅब’ या पद्धतीत एका सेकंदात सामान्यतः ४८,००० वेळा आवाज मोजला जातो, त्या मोजमापांचे अंक होतात, अंकांची शून्य आणि एक या दोनच चिन्हांत मांडणी होते आणि ती चिन्हे प्रक्षेपित केली जातात. अंकाचे आणि आवाजाचे साम्य नसते. ‘क’ या अक्षराच्या आकाराचे आणि ‘क’ या उच्चाराचे जेवढे साम्य, तेवढेच. म्हणजे डिजिटल नभोवाणी ही, नीट विचार केला तर, आवाजाची लिपी आहे. मौखिक परंपरेचे आधुनिक रूप म्हणून ज्या माध्यमाचा गौरव आपण करीत आलो, ते माध्यम विसाव्या शतकाच्या अखेरीस लेखनाच्या बाजूला गेले. मराठीत ‘अंकीय’ हा पर्याय सुचविला जातो, तो रुळला नाही. पण ‘आक्षरिक’ असा एखादा शब्द कोणी सुचविला असता तर तो वस्तुस्थितीच्या अधिक जवळ गेला असता.

या लिपीला लेखनिक आहे आणि संपादकही आहे. मोजलेले सगळे अंक पाठवायचे म्हटले तर लहरींवर जागा पुरत नाही. म्हणून मानवी कानाच्या मर्यादांचा अभ्यास करून, मोठ्या आवाजाच्या सावलीत जे बारीक आवाज कानाला ऐकू येणारच नाहीत ते आधीच गाळले जातात. किती गाळायचे हे जागेच्या उपलब्धतेवर ठरते. ब्रिटनमध्ये एका डिजिटल गटात अधिकाधिक वाहिन्या बसविण्याच्या हव्यासापायी प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला येणारी जागा कमी होत गेली, आणि नव्या पद्धतीपेक्षा जुने एफ. एम. कानाला गोड लागते अशी तक्रार संगीताचे जाणकार तेथे वर्षानुवर्षे करीत राहिले. डिजिटल म्हणजे शुद्ध हे समीकरण जाहिरातीतले आहे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. माझ्या लहानपणी घरातील रेडिओ भिंतीतल्या फळीवर असे आणि रात्री दूरचे केंद्र लावायचे झाले की वडील तो फळीवरून उतरवून थोडा तिरपा, थोडा आडवा करीत. (मध्यम लहरींचा ग्राहक दिशेच्या बाबतीत संवेदनशील असतो, हे कारण मला पुष्कळ नंतर कळले, तेव्हा तो वडिलांच्या हाताचा गुण वाटे.) आवाज येई, जाई, खरखरीत बुडे, पुन्हा वर येई. बातमीतील एखादे नाव गळे आणि आम्ही ते संदर्भाने भरून काढीत असू. कसर लागलेल्या पोथीतील गळालेली अक्षरे वाचक जशी अर्थाच्या आधाराने लावून घेतो, तसेच ते ऐकणे होते. अ‍ॅनालॉग संकेत क्षीण होत जातो तसा आवाज विरत जातो. कितीही विरला तरी त्यात काही उरते. डिजिटल संकेताचे तसे नाही. ठराविक मर्यादेपर्यंत दोषदुरुस्तीच्या युक्त्यांमुळे सारे स्वच्छ ऐकू येते, आणि ती मर्यादा ओलांडली की एकाएकी शांतता. तंत्रज्ञ याला कड्याची उपमा देतात. खरखर ही केवळ उणीव नव्हती. अंतराचा तो ध्वनी होता. आवाज दुरून येत आहे, वाटेत डोंगर आहे, पाऊस आहे, रात्र आहे, हे त्यातून कळत असे. नव्या पद्धतीत आवाज एक तर शेजारच्या खोलीतला असतो, नाही तर नसतोच.

आता इतिहासाकडे. जुने संच निरुपयोगी करून नवी पद्धत आणण्याचा प्रकार डिजिटलपासून सुरू झाला असे मानण्याचे कारण नाही. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाला १९३३ च्या डिसेंबरात एफ. एम.चे एकस्व मिळाले. दशकअखेरीस त्याची केंद्रेही सुरू झाली आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात ऐकू येणाऱ्या या नव्या, निःखरखर नभोवाणीसाठी लोकांनी संच विकत घेतले. १९४५ मध्ये तेथील नियामक आयोगाने एफ. एम.ला तेथून उठवून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवले. काही लाख संच एका निर्णयाने मुके झाले. आर्मस्ट्राँगचे आयुष्य पुढे बलाढ्य कंपनीशी न्यायालयात भांडण्यात गेले आणि जानेवारी १९५४ मध्ये त्याने आत्महत्या केली. ज्या पट्ट्याकडे एफ. एम.ला सक्तीने जावे लागले, तोच पट्टा रिकामा करण्याचा सोहळा सात दशकांनी बोडोला साजरा झाला.

डॅबचा जन्म १९८७ साली सुरू झालेल्या युरेका १४७ या युरोपीय संशोधनप्रकल्पातून झाला. नॉर्वेने १ जून १९९५ रोजी केवळ डिजिटल अशी अभिजात संगीताची वाहिनी सुरू केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बी. बी. सी. मागोमाग आली. नंतरची पंधरा वर्षे मात्र मंद गेली. संच महाग होते, आणि आहे त्या रेडिओविषयी श्रोत्याची तक्रारच नव्हती. अखेर २०११ साली नॉर्वेच्या संसदेने काही अटी घालून एफ. एम. बंद करण्याचे ठरविले. २०१५ साली अटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सरकारी बाजू दुबळी नव्हती. खोल फियोर्ड आणि उंच डोंगर यांच्या त्या देशात एफ. एम.चे जाळे राखणे अतिशय खर्चिक. तेवढ्या खर्चात राष्ट्रीय वाहिन्या जेमतेम पाच, तर डिजिटलवर वीसपेक्षा अधिक. शिवाय वादळात, बोगद्यात, संकटकाळात डिजिटल जाळे अधिक भरवशाचे ठरेल असेही सांगण्यात आले. तरीही बदलाच्या तोंडावर घेतलेल्या एका जनमतचाचणीत दोन तृतीयांश लोक विरोधात निघाले, आणि रस्त्यावरच्या सुमारे वीस लाख मोटारींत डिजिटल ग्राहक नव्हता. छोट्या स्थानिक केंद्रांना एफ. एम.वरच राहू देण्यात आले. ती सवलत पुढेही वाढविली गेली. रोज रेडिओ ऐकणाऱ्यांचे प्रमाण बदलानंतर घसरले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफ. एम. बंद केले, तेव्हाही श्रोते गळाले. ब्रिटनने २०१५ चे मूळ लक्ष्य सोडून दिले आणि २०३० पर्यंत तरी एफ. एम. राहील असे ठरविले.

ब्रिटनच्या या रेंगाळलेल्या स्थित्यंतरातील एक प्रकरण साहित्याच्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. डिजिटलमुळे लहरींवर जागा वाढली, तेव्हा २००० साली तेथे ‘वनवर्ड’ नावाची वाहिनी सुरू झाली. संगीत नाही, फक्त पुस्तकांचे वाचन, नाट्य, लेखकांच्या मुलाखती. २००२ च्या डिसेंबरात बी. बी. सी.नेही जुन्या श्रुतिका, विनोदी मालिका आणि कथावाचन यांना वाहिलेली स्वतंत्र डिजिटल वाहिनी काढली, जी पुढे २०११ पासून ‘रेडिओ फोर एक्स्ट्रा’ या नावाने चालली. म्हणजे नव्या लिपीचा पहिला लाभ काही काळ साहित्यालाच झाला. पण वनवर्डच्या मागे परवाना-शुल्काचा आधार नव्हता. जानेवारी २००८ मध्ये ती बंद पडली. रिकाम्या जागेवर काही तरी वाजत राहावे म्हणून चालकांनी इंग्लंडमधील एका बागेत ध्वनिमुद्रित केलेला पक्ष्यांचा किलबिलाट लावून ठेवला. पुस्तके वाचणारे आवाज गेले आणि पाखरे आली; आणि लोक पाखरे ऐकू लागले! वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर लिहिले गेले, त्यांचे चाहते झाले. २००९ मध्ये जागेला नवे भाडेकरू मिळाले आणि पाखरेही गेली, तेव्हा चाहते हळहळले. या प्रकरणातला विनोद मला पुरेपूर कळतो, पण वनवर्डसाठी किती जण हळहळले असतील असे मनात आल्यावाचून राहत नाही.

वेळेचे प्रकरणही असेच. ग्रिनिच वेधशाळेचे सहा ठोके बी. बी. सी.वरून ५ फेब्रुवारी १९२४ पासून ऐकू येतात. आपल्याकडेही बातम्यांवर घड्याळे लावणारी पिढी होऊन गेली. अ‍ॅनालॉग लहर प्रकाशाच्या वेगाने येते. मुंबईत बोललेले कोल्हापुरात त्याच क्षणी, असे व्यवहारात म्हणता येते. डिजिटल संकेताला अंकांत जाण्यास आणि अंकांतून परत येण्यास वेळ लागतो. डॅबवर हे ठोके काही सेकंद उशिरा पडतात, इंटरनेटवरून त्याहून उशिरा, आणि दोन संचांवर दोन वेगळ्या वेळी. एकाच आळीतल्या सगळ्या घरांतून एकच वाक्य एकाच क्षणी ऐकू येत असे आणि रस्त्याने जाणाऱ्याला चालता चालता अखंड कार्यक्रम ऐकता येत असे, ही आठवण सांगणारे अनेक जण भेटतात. ‘आपली आवड’ असो वा ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी असोत, ते ऐकणे या समकालिकतेत घडलेले होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणाची ५६ गीते वर्षभर आठवड्याला एक या गतीने आली. गदिमांच्या शब्दांचा आणि सुधीर फडक्यांच्या स्वरांचा मोठेपणा निर्विवाद आहे. परंतु त्या निर्मितीची रचना, आठवडाभराची वाट पाहणे आणि ठराविक घटकेला संपूर्ण समाजाने एकत्र कान देणे, ही त्या अ‍ॅनालॉग काळाने दिलेली आहे. कथाकीर्तनाची वेळ आणि नभोवाणीची वेळ यांचे नाते आपल्या समीक्षेने पुरेसे तपासलेले नाही.

मर्ढेकरांचे उदाहरण याच कारणासाठी घ्यावेसे वाटते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ लिहिणारा हा समीक्षक आयुष्याचा मोठा भाग आकाशवाणीच्या नोकरीत होता, हे चरित्रात नोंदवून आपण पुढे जातो. ‘बदकांचे गुपित’सारख्या त्यांच्या संगीतिका तर त्यांच्या कवितेच्या सावलीतच राहिल्या. कलेच्या माध्यमाचा आणि लयीचा एवढा काटेकोर विचार करणाऱ्या माणसाला रोज ज्या माध्यमात काम करावे लागले, ते माध्यम दृश्यविरहित, क्षणजीवी आणि खरखरीने वेढलेले होते. या दोन गोष्टींचा संबंध असेल किंवा नसेलही. पण तो प्रश्न विचारायचा झाला तर तेव्हाचे ध्वनी हाताशी हवेत. आकाशवाणीच्या आरंभीच्या दशकांतील बरेचसे कार्यक्रम थेट प्रसारित झाले, आणि पुढे ध्वनिफिती आल्यावरही त्या पुसून पुन्हा वापरण्याचा प्रघात जगभरच्या नभोवाणी केंद्रांत होता. संहिता छापल्या गेल्या तेवढ्या उरल्या. आकाशवाणीच्या संग्रहाचे डिजिटलीकरण झाले आहे, निवडक ध्वनिमुद्रिका प्रकाशितही झाल्या आहेत, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. कारण चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ झाली. म्हणजे ज्या लिपीने आवाजाचे सादृश्य संपविले, त्याच लिपीने जुन्या आवाजांचे अवशेष राखले. पण निवडीचा प्रश्न येथेही उरतोच. गायनाच्या फिती आधी वाचतात. श्रुतिका, भाषणे, कामगारसभेतील गप्पा यांचा क्रम मागे लागतो.

भारतातील स्थित्यंतराची तऱ्हा युरोपाहून वेगळी आहे. आपण डॅब न स्वीकारता ‘डिजिटल रेडिओ मोंदियाल’, म्हणजे डी. आर. एम. ही पद्धत निवडली. मध्यम आणि लघु लहरींवर दूरदूर पोहोचणारी ही पद्धत आपल्या विस्ताराच्या देशाला सोयीची, हा विचार योग्यच होता. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीजवळच्या खामपूर येथून २५० किलोवॉटच्या लघुलहरी प्रक्षेपकावरून आरंभ झाला आणि पुढील काही वर्षांत देशभर मध्यम लहरींचे ३५ डिजिटल प्रक्षेपक उभे राहिले. त्यांवरून जुना आणि नवा असे दोन्ही संकेत शेजारी शेजारी पाठविता येतात. वीज पुष्कळ वाचते, आवाज स्वच्छ येतो, एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम जाऊ शकतात. उणीव एकच होती. ऐकणार कशावर? संच बाजारात जवळजवळ नव्हतेच, होते त्यांची किंमत साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट. नव्या मोटारींतून ग्राहक बसविले जाऊ लागले तेव्हा काही लाख यंत्रे रस्त्यावर आली, पण त्यांच्या मालकांपैकी किती जणांना आपल्या गाडीत असे काही आहे हे ठाऊक असेल, याची शंका आहे. नॉर्वेत श्रोत्यांच्या इच्छेविरुद्ध का होईना, त्यांना विचारून, तारीख सांगून, सोहळा करून जुने बंद झाले. आपल्याकडे नवे सुरू झाल्याचे श्रोत्याला कळले नाही आणि जुने बंद झाल्याचेही. नागपूरजवळच्या एक मेगावॉटच्या प्रक्षेपकावरून १८ मे १९८८ पासून रात्रभर देशाशी बोलणारी राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या आरंभी बंद झाली. इतरही कित्येक मध्यम लहरींचे प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत एकेक करून थंडावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खाजगी एफ. एम. केंद्रांच्या डिजिटल प्रक्षेपणाविषयी शिफारशी केल्या आहेत. म्हणजे चर्चा आता महानगरांतील गाण्यांच्या केंद्रांपर्यंत आली.

या सगळ्यात माझा आक्षेप तंत्राला नाही. जागा वाढली असताना तिचे काय करावे याचा विचार झाला नाही, याला आहे. डिजिटल प्रक्षेपकावरचा जो वाढीव प्रवाह आहे, त्यावर आधीच कुठे तरी चालू असलेला कार्यक्रम पुन्हा सोडला जातो. त्यावर एखादा केवळ शब्दांचा मराठी प्रवाह, कथावाचन, जुन्या श्रुतिका, कवींच्या आवाजातील कविता, असे काही करून पाहणे अशक्य नव्हते. वनवर्ड बुडाली हे खरे. पण ती आठ वर्षे चालून बुडाली. आपल्याकडे मराठी साहित्यसंस्था संमेलनाध्यक्षपदाच्या निवडणुकीवर जेवढे बोलतात त्याच्या शतांशाने जरी या रिकाम्या लहरींविषयी बोलल्या असत्या तर निदान मागणी तरी नोंदली गेली असती. असो.

वडिलांचा संच अजून आहे. चालतोही. स्फटिक, तारेचे वेटोळे आणि कानाला लावायचा कर्णा एवढ्यावर ज्या पद्धतीत आवाज पकडता येत असे, त्या पद्धतीतला तो जरा प्रगत संच, एवढेच. त्याला कोणाच्या सांकेतिक किल्लीची गरज पडत नाही. परवा रात्री काटा फिरविताना ओळखीच्या एका केंद्राच्या अगदी लगत एक सलग, सपाट घोष लागला. वीज कडाडल्याची नव्हे, पाऊसवाऱ्याचीही नव्हे. चढउतार नसलेली, एकसुरी सळसळ. मी संच तिरपा केला, आडवा केला. आवाज मोठा झाला, पण उलगडला नाही. तो डिजिटल संकेत होता. त्या सळसळीत त्या क्षणी कोणी तरी बोलत होते, कदाचित गात होते, शब्द न् शब्द लिहिलेला होता, आणि माझ्या संचाला ती लिपी वाचता येत नव्हती. काटा तसूभर मागे घेतला तेव्हा जुन्या जागी, खरखरीच्या आतून, निवेदिका मराठीतून उद्याचे बाजारभाव सांगत होती.